परत घेतलेलं थँक्यू

कुरुळीच्या जुन्या गावठाणात उद्धवरावांच्या स्वप्नालीचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग जरा जपून बोलायचे. हसायचे, कारण तिशीला टेकलेली ही बाई सुट्टीच्या दिवशी पाठीवर दगड भरलेली सॅक घेऊन डोंगर चढायला जायची. जपून बोलायचे, कारण कुणी काही बोललं तर मुकाट ऐकून घेण्यातली ती नव्हती. लग्नानंतर मंचरला नांदत असताना एका दुपारी नवऱ्यानं तिच्यावर हात उगारला होता. तिनं त्याच दुपारी बॅग भरली, सासूच्या देखत त्याला सांगितलं, "हा हात पोहोचणार नाही एवढ्या लांब मी चाललेय," आणि एसटी धरून माहेरी आली. उद्धवराव ओट्यावर बसले होते. बॅगेकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "आलीस, बरं केलंस. घर काय कुटं पळून गेलं न्हाई."

मग ती चाकणला कंपनीत लागली. गाड्यांचं वायरिंग बनवायची कंपनी. दारापेक्षा मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात. त्या खिळ्यांमधून रंगीबेरंगी तारा ओढायच्या, त्यांची जुडी करायची, वर टेप गुंडाळायची. त्या जुडीला हार्नेस म्हणतात. लाइनवर सगळ्या बायका, आणि सगळ्या शिफ्टभर उभ्या. तिच्या शेजारच्या फळीवर चाकणची हीना असायची. हीनाच्या वडिलांचं गॅरेज होतं. तिची जीभ दोन बायकांचं काम करायची, पण हात जिभेहूनही चलाख होते.

डोंगराचं वेड लागलं ते कंपनीच्या सहलीत. लोहगडाच्या पायथ्याशी बस थांबली, सगळ्या बायका भज्यांच्या टपरीवर बसल्या, आणि स्वप्नाली सहज म्हणून जी चढायला लागली ती थेट विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या चिंचोळ्या सोंडेच्या, टोकावर जाऊन थांबली. तिथं काही जण दोर बांधून कड्यावर सराव करत होते. निगडीच्या एका गिर्यारोहण क्लबची मंडळी. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मला येता येईल का तुमच्यात?" दोर गुंडाळणाऱ्या एका बाईनं, तिचं नाव स्वरूपा, वरपासून खालपर्यंत बघितलं. स्वप्नालीच्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते. स्वरूपा हसली. "रविवारी सकाळी दुर्गा टेकडीवर ये."

पहिल्या दिवशी कमरेला बांधायचा पट्टा तिच्या हातात देऊन कुणीतरी म्हणालं, "हा हार्नेस." स्वप्नाली म्हणाली, "हे तर मी रोज बनवते." सगळे खो खो हसले, आणि तिलाही हसू आलं.

ती तिथं तीन वर्षं गेली. जड दोर तिच्या पाठीवर, चहाचं पातेलं तिच्या पाठीवर. कड्यावर ती पालीसारखी चिकटून चढायची. "स्वप्नाली म्हणजे आमची ताकद," असं क्लबचे प्रमुख रविराज सर चारचौघांत सांगायचे. सर एका मोठ्या कंपनीतून लवकर निवृत्त झालेले. तरुणपणी हिमालयात दोन-तीन शिखरं केलेली, बोलणं गोड, आवाज भरदार. तिला ते कौतुक आवडायचं. बाकीची मंडळी डॉक्टर, सीए, हिंजवडीच्या आयटीतली. सराव संपला की ही मंडळी कुठंतरी कॉफी प्यायला जायची, आणि स्वप्नाली कुरुळीची बस चुकू नये म्हणून स्टॉप गाठायची. त्यांचे विनोद इंग्रजीत असायचे. सगळे हसले की क्षणभरानं तीही हसायची. यात काही खटकण्यासारखं आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी क्लबनं हिमाचलातल्या एका सहा हजार मीटरच्या शिखराची मोहीम ठरवली. निवडीसाठी तुंग किल्ल्यावर भरलेल्या सॅकसकट चढायची चाचणी झाली. तुंगचा तो शेवटचा उभा चढ भल्याभल्यांचा घाम काढतो. स्वप्नाली सगळ्यांच्या आधी वर पोहोचली. सॅक ठेवली, परत खाली उतरली, आणि धापा टाकणाऱ्या स्वरूपाची सॅक घेऊन पुन्हा वर आली.

पुढच्या रविवारी क्लबच्या खोलीत निवडलेल्यांची नावं वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. तिचं नाव त्यात नव्हतं. आपलंच ऐकण्यात चुकलं असेल असं तिला वाटलं. सगळे पांगेपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली आणि मग सरांजवळ गेली.

"सर, माझं काही कमी पडलं का?"

"छे छे! फिटनेसचा प्रश्नच नाही." सरांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "हे बघ, स्वप्नाली. तिथं वर सगळंच जरा रेअरफाइड असतं." बोलताना त्यांनी हात उंच छताकडे नेला. "हवाही रेअरफाइड, आणि खरं सांगायचं तर कंपनीही. इतके दिवस एकत्र राहायचं, त्या गप्पा, ते विषय... तुला अवघडल्यासारखं होईल. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

रेअर म्हणजे दुर्मीळ, हे तिला माहीत होतं. कंपनी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर चाकणची कंपनी आली. नीट जुळत नव्हतं काही, पण सरांचा हात इतका वर गेला होता आणि आवाजात इतका मान होता, की हे बहुधा आपलं काहीतरी कौतुक चाललंय असं तिला वाटलं. निवड नाही, ते काहीतरी सुट्टीबिट्टीच्या अडचणीमुळे असेल.

"थँक्यू, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिनं हीनाला सांगितलं. हीना म्हणाली, "रेअर तो अच्छाच है ना? रेअर ब्लड ग्रुप असतो तसं. मग घेतलं का नाही तुला?" दोघींनी मोबाइलवर शब्द शोधला. मराठी अर्थ आला: विरळ.

"विरळ?" हीना ओरडली. "अपने सुपरवायझर के बालों जैसा?"

पलीकडे सुपरवायझर नवनाथनं डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघी तोंड दाबून हसल्या. पण लाइनवर परत उभी राहिल्यावर स्वप्नालीनं एक तार चुकीच्या खिळ्यातून ओढली. विरळ कंपनी म्हणजे काय?

उद्धवरावांच्या घरात वरच्या खोलीत बुद्धरत्न सर भाड्यानं राहायचे. नांदेडकडचे, चाकणच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी ते गॅलरीत पेपर तपासत बसले होते. स्वप्नालीनं शब्द सांगितला. सरांनी पेन खाली ठेवलं.

"नुसता शब्द नको. पूर्ण वाक्य सांग. कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, सगळं सांग."

तिनं सांगितलं. छताकडे गेलेला हातही सांगितला. बुद्धरत्न सरांनी पेपर बाजूला सारले.

"याचा पहिला अर्थ साधा आहे. विरळ. डोंगरावर वर वर जावं तशी हवा विरळ होत जाते, ती रेअरफाइड. त्यावरून दुसरा अर्थ निघाला. उंचावरच्या मोजक्या लोकांचं जग. सामान्य माणसाला जिथं शिरकाव नाही असं. आपल्याकडे म्हणतात ना, अमक्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत? ते वारं." ते थांबले. "गंमत अशी आहे की हा शब्द बऱ्याचदा तिरकसपणे वापरतात. बाहेरचा माणूस आतल्यांची टिंगल करताना म्हणतो, त्या रेअरफाइड लोकांत आपलं काय काम! आतला माणूस स्वतःला सहसा असं म्हणवून घेत नाही, लाज वाटते. तुझ्या सरांनी तो स्वतःसाठी वापरला, आणि अगदी मनापासून वापरला."

"आणि कंपनी?"

"कंपनी म्हणजे सोबत. सोबतीची माणसं."

उद्धवराव जिन्यात उभे राहून सगळं ऐकत होते. ते दोन पायऱ्या वर आले. "म्हंजी सरळ मराठीत, आमच्या पंगतीत तू बसायची न्हाईस, असंच ना वो मास्तर?"

"साधारण असंच," बुद्धरत्न सर खाली बघत म्हणाले.

"आन् तू काय म्हनलीस गं?"

स्वप्नालीनं सरांचं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"थँक्यू म्हटलं, आबा."

खाली रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता. उद्धवराव पायरीवर बसले. "आपली माळाची जिमीन फॅक्टरीत गेली तवा मांडव घातला व्हता," ते सावकाश म्हणाले. "सायबानं शाल दिली, नारळ दिला. म्या हात जोडले. वाकून जोडले. घरी आल्याव कळलं, आपुन आपल्याच मयताला नमस्कार करून आलो. ते हात काय मला परत घ्याया आलं न्हाईत."

त्या रात्री ती फारशी जेवली नाही. निवड झाली नाही याचा राग तिनं कधीच गिळला असता. तिला जाळत होतं ते स्वतःच्या तोंडातून निघालेलं ते थँक्यू. हसऱ्या तोंडानं, मान किंचित लववून म्हटलेलं. नवऱ्यानं हात उगारला तेव्हा निदान तो हात दिसला होता. इथं तिला हाकललं, आणि ती आभार मानून दार ओढून घेऊन आली.

रविवारी ती निगडीला गेली. क्लबच्या खोलीत मोहिमेचं सामान पसरलं होतं. नव्या कोऱ्या झोपायच्या पिशव्या, बर्फात चालायचे बूट, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी. सगळी निवडलेली मंडळी जमली होती. क्लबचा एक जाड दोर तिच्याकडे धुवायला होता. तो धुऊन, सावलीत वाळवून, नीट गुंडाळून तिनं आणला होता. तिनं तो टेबलावर ठेवला.

"सर, मागच्या रविवारी मी तुम्हाला थँक्यू म्हणाले होते."

"हो, म्हणजे... त्यात काय एवढं."

"ते मी परत घेते."

एकजण हसून म्हणाला, "थँक्यू परत घ्यायची पद्धत कुठं असते का?"

"दिलं होतं ते माझं होतं," स्वप्नाली म्हणाली. "माझं मी परत घ्यायला पद्धत कशाला लागते? सर मला म्हणाले, वरची हवा रेअरफाइड असते आणि तुम्ही माणसंही रेअरफाइड आहात, मी तुमच्यात अवघडून जाईन. मला शब्द कळला नाही. कौतुक वाटलं म्हणून आभार मानले. आता कळलाय."

"अगं, किती मनाला लावून घेतलंस!" सरांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता."

"मग कसा होता, सर? सांगा. मी पुन्हा ऐकते."

सरांनी टेबलावरचा दोर उचलून बाजूला ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. आजवर त्यांच्या तोंडचा शब्द कुणी असा उलटून त्यांच्याच पुढ्यात ठेवला नव्हता, इतकंच. स्वरूपा दाताची डॉक्टर होती, सहसा शांत असायची. ती उभी राहिली. "तुम्ही खरंच असं म्हणालात, सर?" सरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, खिशातून रुमाल काढला आणि मग एकदम काही सुचल्यासारखं स्वप्नालीला म्हणाले, "बरं, असं करू. तू बेस कॅम्पला चल. सामान, किचन, सगळं तुझ्याकडे. तुझ्यासारखं ते कुणीच सांभाळणार नाही."

"स्वयंपाक मी कुरुळीतही करते. त्यासाठी एवढं वर कशाला यायचं?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

जिना उतरेपर्यंत ती ताठ होती. बसस्टॉपवर आल्यावर मात्र ती तिथल्याच कट्ट्यावर मटकन बसली. तीन वर्षांची माणसं गेली होती. रविवार गेला होता. स्वरूपाचा दोन दिवसांनी फोन आला. ती रडली, माफी मागितली, पण मोहिमेवर जायचं तिनं काही सोडलं नाही. "जा तू," स्वप्नाली म्हणाली. "माझं नाव असतं तर मीही गेले असते." हे ती मनापासून बोलली, आणि फोन ठेवल्यावर तिला त्याचंही वाईट वाटलं.

उत्तरेत सरकारी संस्था आहेत, जिथं गिर्यारोहणाचा जवळजवळ महिनाभराचा पायाभूत कोर्स असतो. तिथं अर्ज करायला क्लबची शिफारस लागत नाही, हे बुद्धरत्न सरांनी शोधून दिलं. प्रवेश मिळाला. राहिली रजा. सुपरवायझर नवनाथ जालन्याकडचा, भला माणूस, पण रजेचं नाव काढलं की त्याच्या पोटात गोळा यायचा.

"महिनाभर? ताई, एवढी रजा मी बाळंतपणालाच देतो."

"मग तसंच समजा, भाऊ. बाळ आणणार नाही, एवढंच."

लाइनवर हशा पिकला. हीना म्हणाली, "तिच्या फळीवर मी उभी राहते." पलीकडून इंदुताई म्हणाल्या, "आन् हीनाच्या फळीवर मी." इंदुताई बीडकडच्या, पन्नाशीच्या, लाइनवर सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या पुढे नवनाथचं काही चालायचं नाही. त्यानं रजा दिली.

हिमालयानं स्वप्नालीचे लाड केले नाहीत. खालच्या मुक्कामावर ती सगळ्यांच्या पुढे होती, पण हवा विरळ व्हायला लागली तशी तिची चाल मंदावली. दहा पावलं टाकून थांबायचं. श्वास घेतला तरी छातीत काही उतरलंय असं वाटायचं नाही. सगळ्यांत उंच जागी जायच्या दिवशी पहाटेच डोकं असं ठणकायला लागलं की तिला पुढचा दोर दिसेना. तिनं सांगितलं नाही. मग उलटी झाली, आणि डॉक्टरांनी तिला परत फिरवलं. तिच्याबरोबर आणखी एकीला परत फिरवलं होतं. दिल्लीची, फौजी बापाची लेक, परदेशात शिकून आलेली, तंबूत फाडफाड इंग्रजी बोलणारी. दोघी एकमेकींच्या दंडाला धरून बर्फावरून उतरत होत्या. मध्येच ती मुलगी थांबली आणि स्वप्नालीच्या बुटावरच ओकली.

"सॉरी, सॉरी, दीदी!"

"कोई बात नहीं," स्वप्नाली म्हणाली. "मेरा तुम्हारे बूट पे होनेवाला था." आणि दोघी त्या बर्फात, ठणकत्या डोक्यांनी, पोट धरून हसल्या.

कोर्स पुरा झाला. तिला बी ग्रेड मिळाली. पुढच्या कोर्सला जायला ए लागते.

इकडे क्लबचं शिखर झालं होतं. झेंडा घेतलेले फोटो सगळीकडे फिरत होते. स्वप्नालीला परत फिरावं लागल्याचं कानावर आल्यावर रविराज सर कुणापाशीतरी म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं." कुरुळी ते निगडी अंतर असं किती? ते वाक्य तिच्यापर्यंत आलं. हीना काळजीनं म्हणाली, "सुन, ग्रेड कशाला सांगायची? कोर्स झाला म्हण, बस."

स्वप्नालीनं चहाच्या सुट्टीत सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं सांगितलं, "बी आली. वर पोहोचले नाही. उलटी झाली, परत आणलं. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे."

"म्हणजे दुसरं बाळंतपण?" नवनाथनं कपाळाला हात लावला.

"लागलं तर तिसरंही."

त्या वर्षी तिनं शरीराला विश्रांती दिली नाही. शिफ्ट सुटली की धावायची, दर रविवारी घोराडेश्वरचा डोंगर चढून उतरायची, पुन्हा चढायची. एकदा इंदुताई म्हणाल्या, "मला बी ने की. मला काय दोरबीर नको. वर जाऊन निवांत बसायचंय मला. जन्मात कुठं निवांत बसले न्हाई." त्या आल्या. पुढच्या रविवारी हीना आली, कुरकुरत आली, पण आली. मग पॅकिंगमधल्या दोघी. मग कुणाची तरी जाऊ. कंपनीचे बूट, साडीचा काष्टा, ओढणीची गाठ, डब्यात चटणी-भाकरी. क्लब नव्हता, वर्गणी नव्हती, नावसुद्धा नव्हतं. येईल ती आपली.

पुढच्या वर्षी ती परत गेली. या वेळी डोकं दुखायला लागलं तसं तिनं लगेच सांगितलं, एक दिवस मागं थांबली, भरपूर पाणी प्यायली आणि मग गेली. त्या उंच जागी ती सगळ्यांत शेवटी पोहोचली. तिथं तिला धाप लागली होती, ओठ फुटले होते, आणि नाकातून पाणी गळत होतं. तिनं मोठमोठ्यानं ती हवा आत ओढली. ए ग्रेड मिळाली. उद्धवरावांनी गावात पेढे वाटले, आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "व्हय, आमच्या पोरीनं नापास होऊन पास केलंय."

आता ती पुढच्या कोर्सची तयारी करते आहे. तो अधिक अवघड आहे, आणि जमेल की नाही हे तिला ठाऊक नाही.

गेल्या थंडीत ती लाइनच्या बायकांना तुंगला घेऊन गेली. शेवटच्या चढावर इंदुताईंनी तीनदा बसकण मारली आणि तिन्ही वेळा शिव्या देत उठल्या. वर पोहोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली पवनेचं पाणी चमकत होतं. मागून ट्रेकवाल्यांचा एक मोठा घोळका आला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टीशर्ट. त्यांचा म्होरक्या हातातला कॅमेरा सावरत म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? आम्हाला ग्रुप फोटो काढायचाय, इथूनच व्ह्यू येतो."

स्वप्नाली काही बोलायच्या आत इंदुताईंनी मांडी घातली, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"काढा की," त्या म्हणाल्या. "मी बी येते त्यात. पर इथून उठायची न्हाई."

पोरगा गोंधळला. मग त्याच्यातलंच कुणीतरी हसलं, आणि तो घोळका इंदुताईंच्या मागं दाटीवाटीनं उभा राहिला. हीना पुढं घुसली. स्वप्नाली कडेला उभी राहून वाऱ्यानं उडणारी ओढणी कमरेला खोचत होती, तेव्हा इंदुताईंनी तोंडातला घास तसाच ठेवून तिला हाक मारली, "ए पोरी, लांब का उभी? ये इकडं, बस."

ती जाऊन बसली.